बुट्टीखालची पावलं

दर रविवारी एकत्र चालणाऱ्या माणसांचं वजन उतरतं की नाही हे मला अजून कळलेलं नाही, पण किस्से मात्र वाढतात. घरात रद्दी साठते तसे साठतात. काढून टाकायला बसलं, की एकेक उलगडून परत वाचायची पाळी!

आमचं 'रविवार चालते मंडळ' म्हणजे अकरा डोकी. म्होरक्या मी. बेळगावच्या शहापुरातल्या एका हायस्कूलमधून हेडमास्तर म्हणून रिटायर झालो, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. चालून झालं की खडेबाजारात चहाला बसायचं आणि किस्से काढायचे, हा आमचा नेम. त्यात त्या हरणांच्या अभयारण्याच्या ट्रिपचे किस्से तर सांगून सांगून गुळगुळीत झालेत. फक्त एक किस्सा कुणी सांगत नाही. तिथवर आलं की सगळे चहाच्या कपात बघायला लागतात आणि मी घड्याळ बघून उठतो.

लाज माझी आहे, तेव्हा सांगायलाही मीच पाहिजे. पण ओळीनं सांगतो. मधूनच सुरू केलं तर मी पळवाट काढीन. माझा मला भरवसा नाही!

* * *

पहिला किस्सा आमच्या आप्पांचा. आप्पा निपाणीचे, जैन, तंबाखूचे व्यापारी. स्वतः तंबाखूला बोट लावत नाहीत आणि पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. आदल्या दिवशी ते संकेश्वरला बहिणीकडं मुक्कामाला आले होते, म्हणून आमचा टेम्पो बेळगावहून आधी संकेश्वरला गेला आणि त्यांना घेऊन मग गोकाकच्या रस्त्याला लागला.

दहा-बारा किलोमीटर गेल्यावर आप्पा एकदम ओरडले, "थांबा! गाडी मागं घ्या!"

मला वाटलं औषध राहिलं, नाहीतर पाकीट. पण नाही. बहिणीच्या विहिरीचं पाणी गाळून त्यांनी बाटल्या भरल्या होत्या. गाळलेलं फडकं त्याच विहिरीत झटकायचं, म्हणजे फडक्यात अडकलेले बारीक जीव परत आपल्या घरी जातात, असा त्यांचा नियम. गडबडीत ते राहून गेलं होतं, आणि ओलं फडकं स्टीलच्या डब्यात घालून आप्पांनी मांडीवर धरलं होतं.

मी वैतागलो. म्हटलं, "अहो आप्पा, जाईल तिथल्या तळ्यात सोडा की! नवीन घर मिळेल त्यांना!"

आप्पा शांतपणे म्हणाले, "सर, तुमची बदली एकदा विजापूरला झालती तवा तुम्ही महिनाभर मिनिस्टरच्या दारात बसलातासा. हे बिचारे कुणाच्या दारात बसणार?"

टेम्पो मागं वळला!

* * *

दुसरा किस्सा सुरेशचा. सुरेश इन्शुरन्सचा एजंट, आमच्यातला सगळ्यात तरुण, म्हणजे बावन्न वर्षांचा. मी मंडळाच्या ग्रुपवर सतरा सूचना टाकल्या होत्या. त्यात नववी होती, 'भडक कपडे नकोत, मातकट रंग घालावेत.' गडी खडेबाजारात गेला आणि डोक्यापासून पायापर्यंत मिलिटरी छाप ड्रेस घेऊन आला. टोपी, बूट, कमरेला पट्टा, सगळं!

बागलकोटच्या बाजूच्या त्या रानाच्या गेटवर आम्ही उतरलो. काय ते रान! झाड म्हणावं असं झाड एखादंच, नुसती बोरीबाभळीची काटेरी झुडपं, निवडुंग, लाल मुरूम आणि वर आग. गेटवर खाकी शर्टातला एक काटकुळा माणूस उभा होता. सुरेशला बघताच त्यानं टाच आपटून सॅल्यूट ठोकला. सुरेशनंही ठोकला. इथवर ठीक होतं.

पण हात खाली घ्यायची ऑर्डर कुणी द्यायची हे दोघांनाही माहीत नव्हतं. दोघं आपले एकमेकांसमोर ताठ! शेवटी आमच्या शोभाआक्का म्हणाल्या, "सोड रं बाबा हात, हा आमच्या एलआयशीचा हाय!"

आम्ही पोट धरून हसलो. तो माणूसही हसला, पण जरा उशिरानं. सॅल्यूट करणाऱ्या माणसाला हसायला थोडा वेळ लागतो, हे मी तेव्हा बघितलं आणि सोडून दिलं.

* * *

तोच भीमप्पा. तिथला वनखात्याचा वॉचर, म्हणजे राखणदार, आणि त्या दिवसाचा आमचा वाटाड्या. तिथं अकरा वर्षं रोजंदारीवर होता.

मी त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली. कर्नाटकात जन्म गेला, कन्नडची सरकारी परीक्षा दोनदा देऊन पास झालोय, म्हटलं मंडळाला दिसू दे जरा आपलं कन्नड! वन्यजीवांचं महत्त्व, कोरड्या प्रदेशाचा निसर्ग, असं बरंच काही बोललो. भीमप्पा डोळे बारीक करून ऐकत होता.

माझं संपल्यावर हात जोडून म्हणाला, "सर, मराठीत बोला की. मी संकेश्वरकडं ऊस तोडायला जात होतो, मराठी कळतंय मला. तुमचं कन्नड तेवढं कळंना झालंय."

आप्पा हसून हसून मुरमावर बसले. मीही हसलो. पण वरवर. सगळ्यांसमोर आपली चूक निघाली की माझं तोंड हसतं आणि आत काहीतरी आखडतं. पस्तीस वर्षं वर्गात कुणी माझी चूक काढली नव्हती. काढायची कुणाची छाती होती?

* * *

चौथा किस्सा माझा, आणि तो सगळ्यांना तोंडपाठ आहे.

दोन तास चालल्यावर भीमप्पा एकदम खाली बसला आणि त्यानं बोट दाखवलं. समोरच्या उतारावर सहा चिंकारा हरणं उभी होती. मातीच्या रंगाची, बारीक पायांची, कान नुसते हलत होते. मंडळ थक्क! कुणीतरी हळूच म्हणालं, "अय्यो, केवढी गोड!" कुणाच्या तरी बाटलीचं झाकण वाजलं.

मला राहवेना. दबक्या आवाजात मी सगळ्यांना समज दिली. जंगलात शांतता का पाळावी, प्राण्यांचे कान किती तिखट असतात, आपण पाहुणे आहोत, पाहुण्यांनी कसं वागावं... मुद्दे सुचत गेले. डोळे मिटून बोलायची मला सवय आहे.

डोळे उघडले तर उतार मोकळा!

शोभाआक्का म्हणाल्या, "गेली सर. तुमचं शांततेवरचं भाषण संपलं की येतो म्हणालीत."

हा किस्सा मी स्वतः लग्नाकार्यातही सांगतो. आपल्यावरचा विनोद आपणच सांगितला की माणूस मोठ्या मनाचा दिसतो, एवढी अक्कल मला आहे.

* * *

आता खरं सुरू होतं.

हरणं गेल्यावर भीमप्पा माझ्या बरोबरीनं चालायला लागला. मंडळ मागं पडलं होतं. तो एकदम म्हणाला, "सर, तुम्ही शिकल्याली माणसं. तुम्हाला एक सांगू? हितं लांडगा हाय."

"लांडगा?"

"मादी. आणि दोन पिल्लं. मी डोळ्यानं बघिटलोय. दोनदा साहेबांना सांगिटलो. दोन्ही येळंला ते आले, आणि काय बी दिसलं न्हाय. हापिसात सगळी मला हसतात. 'लांडगा भीमप्पा आला' म्हणतात. साहेब म्हणाले, आता तिसऱ्यांदा खोटं निघालं तर घरला जायचं. पण सर, आज माझ्याकडं पुरावा हाय!"

पाणवठ्याकडं जाणाऱ्या वाटेवर त्यानं बारीक माती चाळून पसरली होती आणि झाडून सपाट केली होती. जनावर पाण्याला गेलं की पावलं उठावीत म्हणून. आठ दिवस काही नाही. आणि त्या दिवशी पहाटे मादीची पावलं, शेजारी पिल्लांची, अगदी रेखून काढल्यासारखी! दुपारी तीनला साहेब प्लास्टर घेऊन यायचे होते, पावलांचे ठसे घ्यायला.

"तोवर वाऱ्यानं जाऊ नयेत म्हणून झाकून ठेवलोय," तो म्हणाला. कशानं झाकलंय ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी त्या वेळी लांडग्यांबद्दल मला काय काय माहीत आहे ते आठवत होतो, त्याला सांगायला.

एवढ्यात लांबून शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या. भीमप्पाचा चेहराच उतरला. "शेळ्या आल्या तर सगळं तुडवतील. मी वळवून येतो. सर, तुम्ही त्या लिंबाखाली जेवायला बसा. पाणवठ्याच्या अंगाला कुणाला जाऊ देऊ नका."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भीमप्पा, मी हेडमास्तर आहे. पोरं सांभाळण्यात जन्म गेलाय. तू निवांत जा."

तो पळत गेला. शब्द मी दिला होता. दुसऱ्या कुणी नाही.

* * *

लिंबाखाली गेलो तर मुंगळेच मुंगळे! आप्पा बसेनात. "एवढे जीव चिरडून मी जेवू काय? मी उभ्यानं खातो." मग आप्पा उभे म्हणून सगळे उभे. पोटात आग पडलेली, डब्यातल्या शेंगाचटणीचा वास सुटलेला.

शोभाआक्का जरा पुढं जाऊन हाका मारायला लागल्या, "या हिकडं! बघा की, आपल्यासाठी केवढी सोय केलीया!"

शोभाआक्का बेळगावात पोस्टात नोकरी करतात, पण माणूस खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातलं. सुगीला रजा टाकून गावी जाणारं. त्यांनी काय बघितलं? दोन बाभळींच्या सावलीत चाळलेल्या बारीक मातीचं, झाडून लख्ख केलेलं गोल. कडेनं दगड लावलेले. आणि मधोमध दोन बुट्ट्या, वेताच्या टोपल्या, पालथ्या घातलेल्या, अगदी आपल्या घरात भाकरीला असतात तसल्या!

"खळंच की हे!" आक्का म्हणाल्या. "आणि भाकरीला बुट्ट्यासुद्धा ठेवल्यात, बघा. लई शहाणा गडी!"

आमच्या मंडळातली निम्मी माणसं शेतकऱ्यांची. खळं दिसल्यावर एकानंही पायताण आत नेलं नाही. अकरा जोड कडेला ओळीनं लागले. आप्पांनी वाकून मातीला हात लावून नमस्कारसुद्धा केला.

आक्कांनी पहिली बुट्टी उचलली. "कुत्रं येऊन गेलंय वाटतं," असं म्हणत बाभळीची डहाळी घेतली. दुसरी उचलली. "अगं बाई! पिल्लं घेऊन आलती कुत्री!" आणि डहाळी मारली. एक, दोन, तीन. झाडून झाल्यावर वर हातानं पाणी शिंपडून सारखं केलं.

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मोठी पावलं बघितली, बारकी बघितली. तुम्ही विचाराल, सर, तुमच्या डोक्यात घंटा वाजली नाही काय?

वाजली. खोटं कशाला सांगू, वाजली! पहिल्या बुट्टीलाच वाजली. दुसरी उचलायच्या आत "आक्का, थांबा" एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण सकाळपासून माझ्या कन्नडचं हसं झालं होतं, भाषणाचं झालं होतं. आता परत सगळ्यांसमोर 'थांबा, मी तुम्हाला सांगायचं विसरलो' म्हणायचं? आणि समजा ती खरंच कुत्र्याची निघाली तर? परत हसणार! पाणवठा इथून पन्नास पावलांवर आहे, म्हणजे ही जागा पाणवठ्याच्या 'अंगाला' नाहीच, असा हिशेबही मी मनात मांडला. पस्तीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकल्यात, त्यातली एकही इतकी घाणेरडी नव्हती.

मी म्हणालो, "बसा बसा, पंगत धरा."

सुरेशनं फोटो काढला. 'खळ्यावरची पंगत!' त्यात मी मधोमध आहे, आणि हसतोय.

* * *

भीमप्पा शेळ्या वळवून आला तेव्हा आम्ही ताकापर्यंत पोचलो होतो. धापा टाकत आला आणि दगडांच्या कडेला थांबला. आमच्या चपलांच्या ओळीजवळ. आत पाऊल टाकलं नाही.

बुट्टीत जोंधळ्याच्या भाकरी होत्या. त्यानं बुट्टीकडं बघितलं, मग मातीकडं, मग माझ्याकडं. आक्का म्हणाल्या, "ये रं भीमप्पा, बैस. तुझ्यासाठी ठेवलंय."

तो म्हणाला, "जेवण झालं काय आक्का? चटणी पुरली काय?"

आक्का त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि त्यांनी हातातलं ताक खाली ठेवलं. "सर," त्या माझ्याकडं वळल्या, "काय झालं? आम्ही काय केलो?"

मी सांगितलं. चार वाक्यांत. अकरा माणसं अनवाणी उठून उभी राहिली. आप्पा तर मटकन खाली बसणार होते, पण कुठं बसावं हेच त्यांना कळेना.

"आता साहेबांना आपण सांगायचं," आप्पा म्हणाले. "आपणच सांगायचं. सर सांगतील."

"हो, मी सांगतो," मी म्हणालो. तेही सगळ्यांनी ऐकलं.

* * *

साहेब तीनच्या आधीच आले. जीपमधून उतरले, बरोबर प्लास्टरची पिशवी घेतलेला ड्रायव्हर. माणूस चिकोडीकडचा, मराठी छान बोलणारा, करड्या आवाजाचा. आमच्या मंडळाला नमस्कार केला, मी हेडमास्तर होतो कळल्यावर मला वाकून केला. म्हणाले, "सर, तुमच्यासारखी माणसं आली की या जागेला किंमत येते."

त्या वाक्यानं घात केला. निदान मी तरी तसं म्हणतो.

"हं, भीमप्पा, कुठाय तुझा लांडगा?"

भीमप्पानं ते गोल दाखवलं. ओल्या मातीवर आमचे पायच पाय. साहेबांनी दगडांपाशी वाकून बघितलं.

"इथं माणसं बसली होती काय?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. आक्कांनी बघितलं. सुरेशनं टोपी काढली. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

भीमप्पानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "मीच बसिवलो साहेब, पाव्हण्यांना. पावलं न्हवतीच हितं. मीच उगंच सांगिटलो तुम्हाला."

आक्का पुढं सरकल्या, "साहेब, तसं न्हाय हो..." पण भीमप्पानं हात जोडून त्यांना थांबवलं. जोडलेले हात हलवत "इरली बिडरी, आक्का" म्हणाला. असू दे, सोडा. आक्का तोंडाला पदर लावून मागं वळल्या. माझं उघडलेलं तोंड मी मिटलं.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तिसऱ्यांदा, भीमप्पा. उद्यापासून येऊ नकोस."

मग माझ्याकडं वळून, दमलेल्या आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही जन्मभर पोरांना शिकवलंय. एवढं काम करा. खोटं बोलल्यानं माणसाचं काय होतं ते जरा याला समजावून सांगा. माझं तर ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

भीमप्पा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

आणि मी सांगितलं.

उभा राहून, घसा साफ करून, पाच मिनिटं सांगितलं. एकदा खोटं बोललं की विश्वास कसा जातो. गेलेला विश्वास परत का येत नाही. खरं बोलायला धैर्य कसं लागतं. सवयीनं डोळे मिटले होते. मुद्दे सुचत गेले.

डोळे उघडले तेव्हा तो तिथंच होता. मान खाली घालून ऐकत होता.

"व्हय सर," तो म्हणाला. मग खांद्याची बाटली काढून त्यानं झाकण उघडलं आणि माझ्यापुढं धरली. "लई येळ बोललासा उन्हात. घसा सुकला असंल. घ्या."

मी घेतली, आणि सगळी प्यालो.